३०१८ सीएनसीवर लेसर : १० वॅटच्या वर जाऊ नका

तापीकाठ
नावपाट्या, पोळपाटावरची नावं, एमडीएफच्या कीचेन एवढंच करायचं असेल तर ३०१८ ला (टेबलावरचं छोटं, संगणकावर चालणारं कोरीव मशीन) १० वॅट ऑप्टिकल, म्हणजे प्रत्यक्ष बाहेर पडणारा प्रकाश, पुरे. खोक्यावरचा '४० वॅट' विसरा, तो प्रकाशाचा आकडा नाही. एका निळ्या डायोडमधून (४५० नॅनोमीटरच्या आसपास) साधारण ५-६ वॅट प्रकाश निघतो. १० वॅटमध्ये दोन डायोडचे किरण एकत्र केलेले असतात, २० मध्ये चार. विकणाऱ्याला 'ऑप्टिकल किती?' एवढंच विचारा. तो गडबडला तर पुढचं दुकान बघा.

खरी अडचण मशीनची आहे. या मशीनचा स्क्रू एका फेऱ्यात ४ मिमी सरकतो, सेटिंग ८०० स्टेप (मोटरीची बारीक पावलं) प्रति मिमी. जीआरबीएलचा (मशीन चालवणारा प्रोग्राम) ८-बिट बोर्ड सेकंदाला ३०,००० च्या आसपास पल्स देतो, एका पल्सला एक स्टेप. म्हणजे सेकंदाला ३७.५ मिमी, मिनिटाला २२५० मिमी. त्यापुढे गाडी नाही. २०० बाय १०० मिमीची पाटी ०.१ मिमीच्या ओळींनी भरली की १००० ओळी, २०० मीटर प्रवास. २००० च्या वेगाने १०० मिनिटं लागणारच, लेसर कितीही मोठा घ्या. सागवानावर १० वॅट त्या वेगाला २५-३० टक्क्यांवरच पुरेसं काळं करतो. मग उरलेल्या वॅटचं काय लोणचं घालायचं?

सातपुडा_सागवान
आप्पा, हिशोब अर्धाच मांडला. कोरीवकाम वेगावर अडतं, कापणी अडत नाही. ३ मिमी प्लाय कापताना वेग २००-४०० असतो, तिथे स्क्रू आडवा येत नाही. ५ वॅटला चार-पाच फेऱ्या लागतात, २० वॅट बहुधा एकीत पार करतो. फेऱ्या कमी म्हणजे कडेला कोळसाही कमी. नाजूक जाळी कापायची असेल तर २० च घ्या.

पण प्लाय बघून आणा. बीडब्ल्यूपी (उकळत्या पाण्यात टिकणाऱ्या) प्लायचा फिनॉलिक गोंद निळ्या किरणाला दाद देत नाही, वरचा थर कापला जातो आणि आत अडतो. एमआर (फक्त ओल सोसणारा) ग्रेड घ्या. हवा सोडल्याशिवाय कापू नका. धूर लेन्ससमोर थांबला की निम्मी ताकद तिथेच जाते.

तापीकाठ
कापणीचं पटलं. पण २० वॅट २४ व्होल्टला ४ अँपिअरच्या आसपास ओढतो. ३०१८ सोबत येणारा सप्लाय बहुतेक ५ अँपिअरचा, त्यातच तीन मोटरी. मग मशीन मधेच रीसेट होतं आणि लोक डायोडला दोष देतात. २० घ्यायचाच तर सप्लाय वेगळा घ्या आणि दोन्हींचं ग्राउंड जोडा. ते राहिलं तर पीडब्ल्यूएमचा (लेसरची ताकद कमी-जास्त करणारा) सिग्नल पोचत नाही.

भुसावळ_टूलरूम
दोघांनी मे महिना धरलाच नाही भो. बाहेर ४५ अंश, पत्र्याच्या शेडमध्ये त्याहून जास्त. डायोड तापला की त्याच करंटला प्रकाश कमी पडतो आणि आयुष्यही घटतं. चार डायोडच्या डब्याची उष्णता जायला जागा कमी. उन्हाळ्यात ८० टक्क्यांवर चालवा, पंख्याची जाळी दर आठवड्याला ब्रशने झाडा, लांब काम सकाळी उरका. आणि राउटिंग (फिरत्या पात्याने कोरणं) करताना लेसर उतरवून ठेवा. एमडीएफचा भुसा लेन्सवर बसला की पुढच्या वेळी तिथेच जळून चिकटतो.

पारोळा_ताई
वॅटवर भांडताय, पण निम्मे डायोड जोडणीतच मरतात. काही बोर्डांवर लेसरचा वेगळा तीन पिनचा सॉकेट नसतो, फक्त स्पिंडलच्या (पातं फिरवणाऱ्या मोटरीच्या) दोन पिन असतात आणि तिथे २४ व्होल्ट असतो. १२ व्होल्टचं मॉड्यूल तिथे लावलं की खेळ संपला. आधी मल्टीमीटरने मोजा.

मग जीआरबीएलच्या सेटिंगमध्ये $३२=१ (लेसर मोड) ठेवा आणि एम४ (वेगानुसार ताकद बदलणारी आज्ञा) वापरा, कोपऱ्यात वेग कमी होताना ताकदही कमी होते, ठिपके जळत नाहीत. $३० (बोर्डातला ताकदीचा कमाल आकडा) आणि सॉफ्टवेअरमधला कमाल एस (ताकदीचाच आकडा) एकच हवा. बोर्डात १०,००० आणि लाइटबर्न या सॉफ्टवेअरमध्ये १००० असेल तर १० टक्केच ताकद मिळते. 'लेसर कमजोर निघाला' म्हणणाऱ्यांनी हे आधी बघावं.

फोकससाठी एक पट्टी तिरकी ठेवून सरळ रेघ जाळा. जिथे सर्वांत बारीक, ती उंची. ३ मिमी कापताना दुसऱ्या फेरीला झेड (उंचीचा अक्ष) १ मिमी खाली घ्या, ही सोय साध्या लेसर फ्रेममध्ये नसते.

सातपुडा_सागवान
ताई, $३० चं खरंय. आणखी एक, पारदर्शक ॲक्रिलिक निळ्या किरणाने कापत नाही, किरण आरपार जातो. काळं कापतं. सनबोर्ड (पीव्हीसी फोमचा बोर्ड) आणि पीव्हीसी मात्र कधीच नाही. जळगावात पाइपाचे तुकडे सहज मिळतात म्हणून कोणी ठेवतो, पण त्यातून निघणारा हायड्रोजन क्लोराइड छातीला लागतो आणि स्क्रू-रॉड गंजवतो.

भुसावळ_टूलरूम
खोक्यातल्या फुकट हिरव्या चष्म्यावर भरवसा नको. ४५० नॅनोमीटरला ओडी (किरण अडवण्याची क्षमता) ५ किंवा जास्त असं छापलेला नारिंगी चष्मा घ्या. १० वॅट असो वा २०, दोन्ही क्लास ४ चेच, म्हणजे सर्वांत धोकादायक गटातले.