लौनेद्दास: वाजता वाजता रीड गप्प होते

वेळूबन: इटलीतल्या सार्डिनिया बेटावरच्या लौनेद्दास या तीन नळ्यांच्या फुंकवाद्याबद्दल विचारायचंय. दहाएक मिनिटं झाली की उजव्या हातातली मंकोसेद्दा ही नळी गुदमरते, आणि तुंबु या नळीचा आधारसूर खाली घसरतो. मेण कुठे लावायचं? शिवाय हे खरंच मेंढपाळांचं वाद्य का?

मधमेण: गप्प होते ती ओलीमुळे. तिन्ही रीड आख्ख्या तोंडात असतात, लाळेने पात (रीडची थरथरणारी जीभ) फुगून फटीला चिकटते. रीड काढून पुसा, वाळू द्या, मग पातीखाली मुळाशी एक केस सरकवा. दोरा नको, फट फार उघडली तर दम पुरत नाही.

पातीच्या मोकळ्या टोकावर मेण चढवलं की सूर उतरतो, खरवडलं की चढतो. मोहरीएवढ्यापासून सुरुवात करा. मेण मधमाश्यांचंच हवं, मेणबत्तीचं निखळून पडतं. थंड, कोरड्या रीडवर लावलेला सूर टिकत नाही. तुंबु घसरतो तो बहुधा त्यामुळेच. पाच मिनिटं वाजवून आधी तुंबु लावा, मग त्याच्याशी दोन्ही मंकोसा (डाव्या-उजव्या हातातल्या, बोटांनी वाजवायच्या नळ्या) जुळवा. चार बोटांच्या भोकांखाली जे चौकोनी भोक असतं (आर्रेफिनु), त्याच्या वरच्या कडेला मेण भरलं की तो सूर उतरतो. तो तुंबुशी विरघळला पाहिजे. यात आळस केला तर पुढचं सगळं फुकट.

काठी_घोंगडं: हे मेंढपाळांचं वाद्य आहे, हे म्हणणं अर्धवट आहे. वाद्य जुनं खरं, सार्डिनियातल्या इत्तिरीला सापडलेल्या, तिथल्या प्राचीन नुरागी संस्कृतीच्या काळातल्या ब्राँझच्या मूर्तीत तीन नळ्या वाजवणारा दिसतो. पण डॅनिश अभ्यासक बेंट्सन यांच्या १९६९च्या ग्रंथातले वादक हे दक्षिणेकडच्या शेतकरी गावांतले व्यावसायिक. गावातली अविवाहित पोरं वर्गणी काढून त्यांना नाचासाठी ठरवायची. रानात चालायची ती बेनास, साधी रीडची नळी, आणि सुलित्तु ही बासरी. धरलेल्या सुरावर डुलणारी ‘मेंढपाळी’ धून युरोपभर गेली ती नाताळात डोंगरातून रोमला उतरणाऱ्या झाम्पोन्या (पिशवीबाजा) आणि पिफ्फेरो (सनईसारखं वाद्य) वाजवणाऱ्यांमुळे. संगीतकार हँडेलच्या ‘मसाया’ या रचनेतला (१७४१) ‘पिफा’ हा वाद्यांचा तुकडा त्यांच्याच धुनीवरचा.

फुगलेगाल: केस घालूनही अडली तर दम तपासा. आपल्याकडच्या तारप्यासारखाच इथेही श्वास तुटत नाही: गालातली हवा दाबत राहायची, तेवढ्यात नाकाने श्वास घ्यायचा. ग्लासभर पाण्यात नळी बुडवून फुंका, बुडबुडे खंडले नाहीत की जमलं. दाब डळमळला की सगळ्यात आधी तुंबु बोंबलतो. जिभेने सूर तोडता येत नाहीत, म्हणून दोन सुरांच्या मध्ये चारही भोकं झाकायची. आर्रेफिनु नीट लागलेला असेल तर कानाला तिथे विराम भासतो.