नाशिक-त्र्यंबकचं जुनं यात्रावर्णन (शके १८४७) पुन्हा छापायचं आहे : हक्क, स्कॅनिंग, शुद्धलेखन

गोदाकाठ

नमस्कार मंडळी. गोदेचे घाट, रामकुंडाच्या आसपासची कुंडं आणि त्र्यंबकेश्वरची पायवाट यांची माहिती देणारं एक छोटं पुस्तक आमच्या वाचक-मंडळाच्या संग्रहात आहे. मुखपृष्ठावर शके १८४७. क्राऊन आकार, २१२ पानं, सहा छायाचित्रं, शेवटी घडीचा नकाशा. लेखक १९४९ साली वारले. प्रस्तावना दुसऱ्या गृहस्थांची आहे, ते १९७१ साली गेले. आमच्या प्रतीत पान ९७ ते ११२ नाहीत आणि कागद कडांना तुटतो.

सिंहस्थाच्या आधी ३०० प्रती काढायच्या आहेत. आजच्या वाचकाला वाचता यावं ही इच्छा, पण पुस्तकाची मूळ चव जाऊ द्यायची नाही. परवानगी कोणाची लागेल? टाइप करून घ्यावं की स्कॅन करून जसंच्या तसं छापावं? आणि जुन्या अनुस्वारांचं काय करायचं?

मोडीवाला

आधी हक्कांचं सांगतो. ते अडलं तर पुढचा खर्च वाया जातो.

आपल्याकडे स्वामित्वहक्क लेखकाच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षं. ही ६० वर्षं मृत्यूच्या पुढच्या १ जानेवारीपासून मोजायची. तुमचे लेखक १९४९ साली गेले, म्हणजे मूळ मजकूर १ जानेवारी २०१० पासून मोकळा आहे. कोणाचीच परवानगी नको. नाशिकमध्ये नेहमी विचारलं जातं म्हणून सांगतो, याच हिशेबाने १९९९ साली गेलेल्या कुसुमाग्रजांचं लेखन २०६० च्या आधी मोकळं होत नाही.

प्रस्तावनेचा हक्क वेगळा आहे. ती १ जानेवारी २०३२ ला मोकळी होईल. जुनी पुस्तकं काढणारे बहुतेक लोक इथेच फसतात, कारण मुखपृष्ठावर एकच नाव असतं आणि त्याचंच साल बघितलं जातं. प्रस्तावना, चित्रं, कविता, परिशिष्ट, अनुवाद, ज्याचं जे त्याचं साल वेगळं काढा. छायाचित्रांची काळजी नको. १९२५ च्या सुमारास छापलेल्या फोटोंची मुदत जुन्या नियमाप्रमाणे, प्रकाशनापासून मोजून, केव्हाच संपली. कायद्यातल्या २०१२ च्या दुरुस्तीने फोटोंची मुदत छायाचित्रकाराच्या मृत्यूशी जोडली, पण संपलेला हक्क त्यामुळे परत जिवंत होत नाही.

प्रस्तावना हवीच असेल तर वारसांकडून लेखी घ्या. पत्रात मजकूर कोणता, छापील की ई-पुस्तकही, किती वर्षांसाठी, कोणत्या प्रदेशात, हे चारही लिहा. मुदत लिहिली नाही तर कायदा ५ वर्षं धरतो, प्रदेश लिहिला नाही तर भारतापुरताच. वारस एकाहून जास्त असतील तर सगळ्यांच्या सह्या. वारस सापडतच नसतील तर स्वामित्वहक्क कायद्याच्या कलम ३१-अ खाली परवाना मागता येतो, पण त्यासाठी वर्तमानपत्रात जाहिरात द्या, अर्ज करा, हे ३०० प्रतींच्या पुस्तकाला झेपणारं नाही. माझं मत विचाराल तर ती प्रस्तावना २०३२ पर्यंत बाजूला ठेवा आणि आजच्या जाणकाराकडून चार पानांची नवी लिहून घ्या.

एक बारीक गोष्ट. शके १८४७ म्हणजे सरसकट १९२५ नव्हे. चैत्रापासून डिसेंबरपर्यंत ७८ मिळवायचे, जानेवारी ते फाल्गुनअखेर ७९. मुखपृष्ठावर महिना नसेल तर लेखकाच्या निवेदनाखालची तिथी बघा. तीही नसेल तर '१९२५-२६' असंच छापा.

जुळारी

९७ ते ११२ ही बरोबर १६ पानं आहेत. म्हणजे पानं फाटलेली नाहीत, सातवा फर्मा (एकत्र छापून घडी घातलेल्या १६ पानांचा गठ्ठा) शिवणीतून अख्खा निसटला आहे. हे बरं झालं, कारण मागच्या-पुढच्या पानांवरचा मजकूर शाबूत असणार. आता प्रत्येक १६ पानांच्या सुरुवातीला तळाशी बारीक आकडा असतो तो तपासत जा. बांधणाऱ्याने फर्मे उलटसुलट लावलेले असू शकतात. २१२ म्हणजे १३ फर्मे आणि वर ४ पानं. त्या शेवटच्या चार पानांत बहुधा शुद्धिपत्र असतं आणि नेमकी तीच पानं गळतात. शुद्धिपत्र मिळालं तर त्यातली प्रत्येक दुरुस्ती मूळ ओळीत घाला. लेखकाने स्वतः सुधारलेली चूक शंभर वर्षांनी पुन्हा छापणं हा त्याच्यावर अन्यायच.

दुसरी प्रत आधी गावातच शोधा. सार्वजनिक वाचनालय (सावाना) १८४० पासूनचं आहे, सावानाच्या जुन्या दाखल-नोंदी बघू देण्याची विनंती करा. मग दादरचं मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय, ठाण्याचं ग्रंथसंग्रहालय, मुंबईची एशियाटिक सोसायटी. शं. ग. दाते यांच्या ग्रंथसूचीचा पहिला भाग १८०० ते १९३७ चा आहे. त्यात हे पुस्तक शोधून दुसरी आवृत्ती निघाली होती का, ते पक्कं करा. निघाली असेल तर गहाळ फर्मा तिच्यातून डोळे मिटून उचलू नका, मजकूर बदललेला असू शकतो. इंटरनेट अर्काइव्हवर शोधताना नाव रोमन लिपीत चार-पाच तऱ्हांनी टाकून बघा. तिथली नोंद करणाऱ्याने स्पेलिंग कसं केलं असेल याचा भरवसा नसतो.

स्कॅनिंग : तुटणारा कागद सपाट स्कॅनरवर दाबू नका, पुस्तकाची पाठ मोडते. पुस्तक ९० ते १०० अंशांतच उघडेल असा पुठ्ठ्याचा व्ही-आकाराचा पाळणा करा. कॅमेरा पानाला काटकोनात, दोन दिवे दोन्ही बाजूंनी ४५ अंशांत, फ्लॅश बंद. पातळ कागदातून मागची अक्षरं दिसतात, म्हणून प्रत्येक पानाखाली काळा कागद सरकवा. २४ मेगापिक्सेल कॅमेऱ्यात लांब बाजूला ६००० बिंदू (पिक्सेल) असतात. क्राऊनची पूर्ण उघडी जोडी साधारण १० इंच रुंद. कडा सोडून इंचाला ५०० च्या वर बिंदू मिळतात, आणि एकेक पान वेगळं टिपलंत तर आणखी जास्त. १२ मेगापिक्सेलच्या मोबाइलवर साडेतीनशेच्या आसपास. अक्षर-ओळख करायला हे पुरतं, पण तशाच पानावरून छापायला नाही.

पुढे स्कॅनटेलर या सॉफ्टवेअरमध्ये पानं वेगळी करून सरळ करा. तिथे ठिपके काढण्याची सोय आहे ती बंद ठेवा, फार तर सगळ्यात सौम्य. इंग्रजी पानासाठी ती ठीक आहे. देवनागरीत ती कचऱ्याबरोबर अनुस्वारही खाते आणि काय गेलं ते नंतर कळत नाही.

फोटोंची जुनी छपाई ठिपक्यांची आहे. तिच्यावर नवे ठिपके पडले की लाटांची जाळी दिसते. मूळ आकारात इंचाला ६०० बिंदूंवर करड्या छटेत घ्या, ठिपके विरघळतील इतपतच धूसर करा, मग ३०० वर आणून किंचित धार द्या. घडीचा नकाशा ओढून सपाट करू नका. भाग पाडून टिपा, दोन भागांत निदान ३ सेंटिमीटर सामाईक राहू द्या आणि संगणकावर जोडा.

रेफ

अनुस्वारांवर सविस्तर लिहितो, कारण पुस्तकाचं बरंवाईट इथेच ठरतं.

आज चालतात ते नियम १९६२ चे, त्यांत १९७२ साली चारची भर पडली. तुमचं पुस्तक त्याच्या खूप आधीचं. आजच्या वाचकाला 'नाहीं', 'कांहीं', 'तेव्हां', 'नांव', 'कीं', 'तूं' यांवरचे बिंदू पायात येतात. ते काढा, हे शब्द शोधा-बदला करून सुरक्षित बदलतात. पण सरसकट बदल तिथेच थांबवा.

'गोदावरींत', 'पाण्यांत' यांचं 'गोदावरीत', 'पाण्यात' होईल. 'लोकांत'चा अनुस्वार मात्र अनेकवचनाचा आहे, तो राहणार. आता 'कुंडांत स्नान करून' हे वाक्य घ्या. एका कुंडात की अनेक कुंडांत? जुन्या लेखनात दोन्हींना एकच रूप, त्यामुळे मागचं वाक्य वाचल्याशिवाय ठरवता येत नाही. यात्रावर्णनात हा प्रश्न पानोपानी येणार, आणि चुकलात तर यात्रेकरूचा विधीच बदलतो. 'त्यांनीं'मध्ये दुसराच अनुस्वार जातो, पहिला आदराचा किंवा अनेकवचनाचा आहे. 'मीं पाहिलें'चं 'मी पाहिले' करा, 'पाहिलं' करू नका. ती बोली आपली आहे, त्यांच्या लेखनाची नाही.

ऱ्हस्व-दीर्घात 'ऋषि', 'गुरु', 'कीर्ति' सुटे असतील तर 'ऋषी', 'गुरू', 'कीर्ती'. समासात 'ऋषिपंचमी', 'गुरुपौर्णिमा' तसेच. त्यामुळे बदल नेहमी पूर्ण शब्द जुळवूनच करा.

'त्यांचेकडे', 'ज्याचेजवळ', 'करावयास', 'जावयाचें' ही रूपं वेगळ्या जातीची. हे शुद्धलेखन नव्हे, ही त्या माणसाची मराठी आहे. 'जावयाचें'वरचा बिंदू काढा, त्याचं 'जायचे' करू नका. तुम्ही ज्याला चव म्हणता ती या रूपांत आहे.

श्लोक, अभंग, ओव्या, आर्या यांना हातच लावू नका. 'कवि'चा 'कवी' केला की मात्रा वाढते आणि वृत्त मोडतं. संस्कृत श्लोकांना स्वतंत्र तपासनीस लावा.

केलेले बदल कोणत्या प्रकारचे आहेत ते सुरुवातीला एका पानात उदाहरणांसह सांगा. संपादकाच्या टिपा पानाच्या तळाशी, आजच्या आकड्यांनी. घाटांची बदललेली नावं, कोस, रुपये-आणे, नाहीशा झालेल्या धर्मशाळा, एवढ्यांनाच टीप. मूळ वाक्यात कंस घालून माहिती कोंबू नका.

गोदाकाठ

खूप आभार. दोन शंका. एवढं सगळं टाळून जसंच्या तसं स्कॅन छापलं तर? आणि आमचे डीटीपीवाले श्रीलिपीत काम करतात, चालेल का?

जुळारी

जसंच्या तसं छापणं अभ्यासकांसाठी उत्तम, पण वाचकांसाठी तुमच्या प्रतीवरून नको. छपाई फिकट असेल तर काळं करताना भ-म, घ-ध, थ-य यांच्या गाठी भरतात. शिवाय गहाळ फर्मा दुसऱ्या प्रतीतून आला की त्या १६ पानांची काळी छटा वेगळी पडते. मजकूर नव्याने जुळवा, स्कॅन मात्र अर्काइव्हवर मोकळा ठेवा. शंका आली तर कोणालाही मूळ पान बघता येईल.

श्रीलिपीच्या जुन्या फाँटांत टंकलेला मजकूर दुसरीकडे नेला की गिचमिड होते, शोधताही येत नाही. मजकूर युनिकोडमध्येच तयार करा. टेसरॅक्ट या अक्षर-ओळखीच्या सॉफ्टवेअरला मराठीबरोबर संस्कृतही जोडा. ख चा रव, ब-व, ष-प, ओळीच्या शेवटी तुटलेले शब्द आणि डागांचे झालेले अनुस्वार या चुका ठरलेल्या. 'दुसऱ्या'मधला ऱ्य तीन तऱ्हांनी येतो, तो सुरुवातीलाच एकसारखा करून घ्या. पानं लावायच्या इनडिझाइन सॉफ्टवेअरमध्ये वर्ल्ड-रेडी कंपोझर निवडा, नाहीतर वेलांट्या आणि जोडाक्षरं विस्कटतात, आणि परिच्छेदाची भाषा मराठी ठेवा. ज्या फाँटात सोय आहे त्यात ल आणि श आपल्या वळणाचे येतात. तिरो देवनागरी मराठी किंवा शोभिका हे दोन्ही मोफत आहेत आणि दीर्घ वाचनाला चांगले.

पहिलं प्रूफ दोघांनी बसून : एक मूळ पानावरून मोठ्याने वाचणार, बिंदूसकट, दुसरा प्रुफावर बोट ठेवणार. दुसरं प्रूफ नुसतं अर्थासाठी. तिसरं पानं लागल्यावर, कारण टिपा तेव्हाच सरकतात.

डेमी १/८ आकार, १३.५ पॉइंट अक्षर, १९ पॉइंट ओळ धरलीत तर टिपांसह १७६ पानांत बसावं, म्हणजे नेमके ११ फर्मे. ३०० प्रतींना डिजिटल छपाईच परवडते, ५०० च्या पुढे ऑफसेटचं कोटेशन मागा. कागद ७० जीएसएम (चौरस मीटरला इतके ग्रॅम) नॅचरल शेड मॅपलिथो, पांढराशुभ्र नको. फोटो वेगळ्या आर्ट पेपरवर. कव्हर ३०० जीएसएम, मॅट लॅमिनेशन. पाठ ८ ते ९ मिलिमीटर येईल, पण कव्हर करण्याआधी त्याच कागदाची कोरी डमी बांधून मोजा.

कागदाचा धागा पाठीला समांतर हवा, हे ऑर्डरवर लिहून द्या. आडवा धागा असला की आपल्याकडच्या पावसाळ्यात पानं लाटांसारखी फुगतात आणि पुस्तक मिटत नाही. शिवून बांधणी करा. यात्रेत पिशवीत फिरणारं पुस्तक नुसत्या गोंदावर टिकत नाही. आतला समास २० मिलिमीटर. पावसाळ्यात छापणार असाल तर कागद वेष्टनासकट एक दिवस प्रेसच्या खोलीत राहू द्या.

मोडीवाला

आयएसबीएन (पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय क्रमांक) राजा राममोहन रॉय संस्थेकडून मोफत मिळतो, त्याला वेळ लागतो म्हणून अर्ज पहिल्या प्रुफाच्या वेळीच टाका. ई-पुस्तकाला वेगळा क्रमांक. छापून आल्यावर ३० दिवसांत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला एक आणि मुंबई, चेन्नई, दिल्लीच्या ठरलेल्या ग्रंथालयांना एकेक प्रत पाठवणं १९५४ च्या कायद्याने बंधनकारक आहे. त्या चार आणि सावानाची एक अशा पाच प्रती हिशेबात आधीच वेगळ्या धरा. टायटलच्या मागच्या पानावर मूळ प्रकाशनाचं साल, मूळ छापखान्याचं नाव आणि ९७ ते ११२ ही पानं कोणत्या प्रतीतून घेतली ते जरूर छापा.