मदत हवी आहे: लसीकरणाच्या मॉडेलसाठी संपर्कांचा तक्ता

नमस्कार मंडळी, एमएस्सीच्या प्रोजेक्टसाठी कोविड लसीकरणाचं एसईआयआर मॉडेल करतेय (लागण होऊ शकणारे, लागण झालेले पण अजून न पसरवणारे, संसर्ग पसरवणारे आणि बरे झालेले अशा कप्प्यांत लोकांना वाटणारं गणिती मॉडेल). भारतात १ मार्च २०२१ पासून साठीपुढच्यांना लस मिळू लागली, १ मेपासून १८ वर्षांवरच्या सगळ्यांना. हा क्रम उलटा असता तर? लस फक्त गंभीर आजार रोखते असं धरलं की ज्येष्ठच आधी येतात; संसर्गही रोखते म्हटलं की तरुणांचं पारडं जड होऊ लागतं.

अडलंय ते वयोगटांमधल्या संपर्कांवर, म्हणजे कुठल्या वयाचे लोक कुठल्या वयाच्यांना किती भेटतात यावर. आपल्याकडे आजी-आजोबा आणि नातवंडं एकाच घरात, त्यामुळे युरोपातले आकडे जसेच्या तसे वापरायला मन धजत नाही. भारतातल्या घरांवर आधारलेला तक्ता कुठे मिळेल? आणि एकच डोस झालेल्यांसाठी वेगळा कप्पा करावा का? मे २०२१ मध्ये कोव्हिशील्ड लसीच्या दोन डोसांमधलं अंतर १२ ते १६ आठवडे झालं होतं, म्हणजे लोक बराच काळ एकाच डोसवर होते. प्लीज सांगा, फार अडलंय.