वसमतहून न्हावा शेवा: हळदीचा पहिला कंटेनर, कटऑफचा हिशेब कसा लावायचा?

हळद_वसमत:
२० फुटी एक कंटेनर हळकुंड पाठवायचंय. ५० किलोची पोती, गोदाम वसमतलाच. जहाज रविवारी अन् कटऑफ शुक्रवारी असं फॉरवर्डर (जहाजात जागा धरून देणारा एजंट) म्हणायलाय. ट्रान्सपोर्टवाले म्हणायलेत, गुरुवारी सकाळी गाडी काढली तरी चालतंय. गोदामातच भरून सील लावावं, उरणच्या सीएफएसला (बंदराजवळचं कंटेनर भरायचं गोदाम) साध्या ट्रकनं पोती नेऊन तिथं भरावं, का संभाजीनगरजवळच्या माळीवाड्याच्या आयसीडीतून (बंदरापासून दूरचा कंटेनर डेपो) रेल्वेनं पाठवावं? अन् फॉर्म १३ (टर्मिनलच्या गेटचा परवाना), व्हीजीएम (भरलेल्या कंटेनरचं पडताळलेलं वजन), एलईओ (कस्टमची माल चढवायची परवानगी), ह्यात आधी काय, मागून काय?

उरण_यार्ड:
दादा, गुरुवारी काढू नका, बुधवारी काढा. कटऑफ म्हणजे गाडी उरणला पोचायची वेळ नव्हे, तोवर कंटेनर टर्मिनलच्या गेटमधून आत गेलेला पाहिजे. आणि कटऑफ एकच नसतो. बिल ऑफ लेडिंगच्या मजकुराचा वेगळा, व्हीजीएमचा वेगळा, गेटचा वेगळा. तिन्ही वेळा फॉरवर्डरकडून लेखी घ्या.

गोदामात सील केलेला कंटेनर आधी बंदराच्या पार्किंग प्लाझात येतो. कस्टम तिथं ई-सील (इलेक्ट्रॉनिक सील) वाचतं, कागद बघतं आणि एलईओ देतं. त्यानंतर फॉर्म १३ घेऊन गाडी गेटवर जाते. हा फॉर्म ऑनलाइन निघतो. त्यात जहाज, उतरायचं बंदर, कंटेनर नंबर, सील आणि व्हीजीएम असतं. लाइनचं (जहाज कंपनीचं) बाटली सील आणि कस्टमचं ई-सील यांचे नंबर अदलाबदल होणं ही सगळ्यात जास्त दिसणारी चूक, गाडी गेटवरूनच मागं फिरते.

टर्मिनलचं नाव ड्रायव्हरला कागदावर लिहून द्या. एनएसएफटी, एनएसआयसीटी, एनएसआयजीटी, जीटीआय, बीएमसीटी अशी पाच आहेत, गेटं वेगळी आहेत. ‘न्हावा शेवा’ एवढ्यावर गाडी सोडली की चुकीच्या रांगेत अर्धा दिवस जातो.

कागद_पक्के:
तीन पर्यायांबद्दल. गोदामात भरायचं तर सेल्फ-सीलिंगची परवानगी तुमच्या हद्दीच्या कस्टमकडून आधी घ्यावी लागते, ते जागा तपासतात. ही ई-सीलची पद्धत २०१७ पासून आहे. शिपिंग बिल (कस्टमकडं भरायचा निर्यातीचा कागद) सील लावण्याआधीच भरलेलं असावं, कारण सीलच्या नोंदीत आयईसी (निर्यातदाराचा कोड), शिपिंग बिल नंबर, कंटेनर नंबर, गाडी नंबर आणि सील लावल्याची वेळ जाते. वाटेत घोडा (ट्रेलर ओढणारी पुढची गाडी) बिघडला म्हणून दुसरा जोडला आणि नोंद तशीच राहिली, तर प्लाझात अडकलात.

शिवाय रिकामा कंटेनर बहुतेक उरणच्या बाजूच्या यार्डातूनच उचलावा लागतो. म्हणजे एकेरी साडेपाचशे किलोमीटरच्या वर, भाडं दोन्ही बाजूंचं. एकाच कंटेनरसाठी, परवानगी हातात नसताना, मी तरी सीएफएसच सुचवीन. पोती दोनदा हाताळली जातात, दोन-चार फाटतात, म्हणून शंभरेक रिकामी पोती आणि सुई-सुतळी सोबत द्या. माळीवाड्यात कस्टमचं काम तिथंच उरकतं हे सोयीचं, पण पूर्ण रेक (मालगाडी) ९० टीईयूची, म्हणजे २० फुटी ९० कंटेनरची असते. ती निघायचा दिवस पक्का नसेल तर रविवारचं जहाज धरू नका.

आणि बँकेचा एडी कोड (निर्यातीचे पैसे येणाऱ्या बँकेचा नंबर) आइसगेटवर (कस्टमचं पोर्टल) नोंदलेला आहे का ते आजच बघा. त्यावाचून शिपिंग बिलच पुढं सरकत नाही. मसाला आहे, तेव्हा स्पायसेस बोर्डाची नोंदणीही लागेल.

मापाडी:
कंटेनर ताब्यात घेताना एक माणूस आत उभा करून दारं लावा. कुठूनही उजेड दिसला तर घेऊ नका, दुसरा मागा. फळी हाताला ओली लागली, रसायनाचा किंवा मासळीचा वास आला, दाराचं रबर फाटलेलं असलं, तरीही नको.

हळकुंडातला ओलावा १० टक्क्यांच्या आत ठेवा. दिवसा पत्रा तापतो, रात्री समुद्रावर गार होतो, आतली वाफ छताला धरते आणि वरच्या थरावर टपकते. बुरशी म्हणून वरच्याच पोत्यांना आधी लागते. तळाला आणि बाजूंना क्राफ्ट पेपर लावा, वरचा थरही त्यानंच झाका, आणि ओल शोषणाऱ्या पिशव्या बाजूच्या कड्यांना टांगा. पावसाची भुरभुर असताना भरणी थांबवलेली बरी. लाकडी पॅलेट वापरलं तर आयएसपीएम १५ चा (लाकडावर कीडनाशक प्रक्रिया झाल्याचा) शिक्का हवाच.

हळद_वसमत:
लै उपकार. व्हीजीएमचं वजन इथल्या धर्मकाट्याचं चालंल का? अन् किती पोती बसतील?

मापाडी:
तुम्ही सीएफएसला भरणार असाल तर तिथल्याच काट्यावर करा. इथं करायचं तर भरलेल्या गाडीच्या वजनातून घोडा-ट्रेलरचं रिकामं वजन वजा करा, डब्याचं वजन त्यातच धरायचं असतं. दोन वजनांच्या मधे ड्रायव्हरनं २०० लिटर डिझेल भरलं की १६०-१७० किलोचा फरक पडतो. दुसरी रीत म्हणजे पोती, दोरी, पेपर, सगळ्याचं वजन अधिक दारावर लिहिलेलं टेअर (रिकाम्या डब्याचं वजन), ते साधारण सव्वादोन टन असतं. चूक झाली तर गेटवरच्या काट्यावर पकडतात.

पोत्यांचा आकडा तोंडी घेऊ नका. २० पोती रचून लांबी, रुंदी, उंची मोजा. आतली जागा ५.९ बाय २.३५ बाय २.३९ मीटर, म्हणजे ३३ घनमीटर. दारापाशी वीतभर मोकळी सोडा, नाहीतर समोरच्याला दार उघडताना पोती अंगावर येतात.

उरण_यार्ड:
वजन उशिरा बदलू नका, एवढं जोडतो. यार्डात कंटेनरची थप्पी जहाज, उतरायचं बंदर आणि वजन बघून लागते, जड खाली. आत गेल्यावर आकडा बदलला की थप्पी उपसावी लागते, आणि जहाज वाट बघत नाही. मग कंटेनर शटआउट होतो, म्हणजे त्या जहाजावर चढत नाही: पुढचं जहाज, नवा फॉर्म १३, शिपिंग बिलात दुरुस्ती, वर यार्डभाडं. माल बाहेरच काढायचा तर ‘बॅक टू टाउन’ करावं लागतं, त्याचे पैसे वेगळे.