सल्ला हवा: साइट उघडण्याआधी माणसं कशी जमवावी? (भजन-नाटकाचे साथीदार, गोवा)

फोंड्याचा ठेका
नमस्कार मंडळी. एक साइट करतोय. भजनी मंडळं, गावची नाट्यमंडळं आणि चवथीला घरी भजन ठेवणारी कुटुंबं यांना पेटी, तबला, पखवाजाचे साथीदार सापडावेत, एवढाच हेतू. गाव, वाद्य आणि तारीख टाकली की त्या दिवशी मोकळे असलेले वादक दिसतील. कोडिंग जवळपास झालंय, चवथीच्याच दिवशी उघडायचा बेत आहे. धास्ती एकच, पहिल्या दिवशी आलेला माणूस रिकामं पान बघून परत जाईल आणि पुन्हा फिरकणार नाही. फेसबुकच्या जाहिरातीसाठी थोडे पैसे बाजूला ठेवलेत. 'लवकरच येत आहोत' असं पान टाकून ईमेल गोळा करू का? दुसरं काही सुचत असेल तर सांगा.

बायणेकर
चवथीला उघडू नका हो! त्या दिवसांत पेटीवाला एका घरची आरती संपवून दुसऱ्या घरी धावत असतो, त्याला मोबाइल बघायला उसंत कुठली? आणि यजमानाने आपला माणूस कधीच सांगून ठेवलेला असतो. तुम्हाला वादक हवेत ते श्रावणात. नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी वास्कोत दामोदराचा सप्ताह सुरू होतो, चोवीस तास अखंड भजन. वेगवेगळ्या समाजांचे पार, म्हणजे भजन गात येणाऱ्या मिरवणुका, येतात, त्यांच्याबरोबर गावोगावचे गायक-वादक. तिथे एक रात्र काढलीत तर फेसबुकच्या पैशांत मिळणार नाहीत एवढे वादक भेटतील.

सातेरीचा पायक
साइट हवीच कशाला? आमच्या पेडण्यात व्हॉट्सअ‍ॅपचे ग्रुप आहेत. 'उद्या पखवाज हवा' टाकलं की कोणीतरी येतो.

फोंड्याचा ठेका
@सातेरीचा पायक, ग्रुपमध्ये ओळखीतला माणूस मिळतो. ओळखीतले सगळे अडकले की काय करता? सांग्यातल्या मंडळाला काणकोणातला मोकळा पखवाजी माहीतच नसतो.

आल्तिनोची चढण
हे माझं रोजचं काम असल्यामुळे जरा लांबण लावतो.

'लवकरच येत आहोत'वाल्या पानाचं उदाहरण म्हणून सगळे ड्रॉपबॉक्सचं (इंटरनेटवर फाइली साठवायची सेवा) नाव घेतात. २००८ मध्ये त्यांनी आपली वस्तू कशी चालते त्याचा छोटा व्हिडिओ डिग नावाच्या, तंत्रज्ञानवेड्यांच्या दुवे टाकायच्या साइटवर सोडला आणि प्रतीक्षा यादी ५,००० वरून ७५,००० वर गेली. गोष्ट खरी आहे, पण डिगवर बसणारी माणसं आणि ड्रॉपबॉक्स हवं असणारी माणसं एकच होती. व्हिडिओत त्यांना हसवणारे आतल्या गोटातले विनोदही पेरलेले होते. तुमचा पखवाजी ईमेल महिन्यातून एकदा उघडत असेल तर नशीब. ईमेल सोडा, फोन नंबर घ्या.

तुम्हाला जवळचं उदाहरण एअरबीएनबीचं, म्हणजे लोकांच्या घरातल्या खोल्या भाड्याने मिळवून देणाऱ्या साइटचं. २००९ मध्ये न्यूयॉर्कमध्ये त्यांच्या खोल्यांना गिऱ्हाईक येईना, कारण घरमालकांनी टाकलेले फोटो भिकार होते. संस्थापक स्वतः कॅमेरा घेऊन घरोघरी गेले, नीट फोटो काढून दिले आणि बुकिंग वाढलं. तुमच्याकडे फोटोच्या जागी आवाज आहे. प्रत्येक वादकाची अर्ध्या-एक मिनिटाची ध्वनिफीत तुम्ही स्वतः जाऊन करा. त्यालाही ती चार ठिकाणी पाठवायला उपयोगी पडेल, म्हणजे साइट सुरू होण्याआधीच तुमच्याकडून त्याला काहीतरी मिळालेलं असेल. फॉर्म भरून घेतलेला माणूस तुम्हाला विसरतो, ध्वनिफीत करून दिलेला विसरत नाही.

आणि आधी एकच तालुका घ्या. फेसबुकसुद्धा २००४ मध्ये हार्वर्डपुरतंच होतं. अख्ख्या गोव्यात विखुरलेल्या दोनशे वादकांपेक्षा फोंडा तालुक्यातले तीस बरे. म्हार्दोळच्या माणसाने शोधलं की बांदोड्याचा, कवळ्याचा वादक दिसला पाहिजे. त्याला पेडण्याचा दिसून काय उपयोग?

एक गोष्ट मात्र चुकूनही करू नका. रेडिट ही दुवे टाकून चर्चा करायची साइट २००५ मध्ये सुरू झाली तेव्हा संस्थापक खोट्या नावांनी स्वतःच दुवे टाकून पान भरलेलं दाखवत. दुव्यांच्या बाबतीत ते खपलं. तुम्ही खोटा तबलजी टाकलात तर संध्याकाळपर्यंत कोणीतरी विचारेल, हा कोणाचा कोण?

पेटीवाली
मी मडगावची, पेटी वाजवते. साइटवर माझा नंबर उघडा दिसणार असेल तर मी नाव देणार नाही, आणि माझ्या ओळखीची एकही वादक देणार नाही. मंडळाने विनंती पाठवावी, मी होकार दिला की मगच नंबर दिसावा. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदाही आहे, संमती कशासाठी घेताय ते स्पष्ट लिहा. पण कायदा नसता तरी हेच म्हटलं असतं.

बायकांच्या मंडळांना विसरू नका. कला अकादमीच्या भजन स्पर्धेत महिलांचा वेगळा गट असतो. आमच्यात गाणाऱ्या पुष्कळ, पखवाज वाजवणारी बाई मिळणं कठीण. ही अडचण सोडवलीत तर जाहिरात आम्हीच करू, फुकट.

फोंड्याचा ठेका
@पेटीवाली, नंबर झाकायचं आजच करतो, ते सुचलंच नव्हतं.
@आल्तिनोची चढण, पण यादी जमली आणि साइट उघडायला दोन महिने लागले तर? लोक थंड पडतात ना?

आल्तिनोची चढण
पडतातच. म्हणून साइटची वाट बघू नका. नंबर आले त्या दिवसापासून जुळणी फोनवर सुरू करा. मंडळाचा फोन आला की तुम्ही वहीत बघायचं, वादकाला विचारायचं, दोघांना जोडून द्यायचं. साइट पुढे जे करणार तेच, फक्त हाताने. कुठे अडतं ते त्यातच कळेल. माझा अंदाज, तारखेवर अडणार नाही, जाण्यायेण्यावर अडेल. भजन संपतं रात्री उशिरा, तेव्हा कदंब बस नसते, वादकाला घरी कोण सोडणार? हा प्रश्न तुमच्या फॉर्ममध्ये नसणार, पैजेवर सांगतो.

मोजायचं असेल तर नोंदणीचा आकडा बघू नका. किती जुळण्या झाल्या आणि त्यातली किती मंडळं दुसऱ्यांदा आली, एवढंच बघा.

बायणेकर
अधल्यामधल्या दिवसांत पाठवायला काहीतरी हवं असेल तर श्रावणातल्या सप्ताहांची यादी करा, कुठल्या गावात कुठल्या तारखेला. तशी यादी एका जागी कुठे मिळत नाही. दर आठवड्याला व्हॉट्सअ‍ॅपवर सोडलीत तर लोक स्वतःहून पुढे पाठवतील, खाली तुमचं नाव असेलच. कार्तिकानंतर जत्रा सुरू झाल्या की उत्सवी नाटकांची यादी. साइट तेव्हाच रीतसर उघडा. नाटकवाल्यांना ऑर्गन, तबला, रंगभूषाकार असं सगळंच लागतं आणि शोधाशोध बरेच दिवस आधी सुरू होते.

सातेरीचा पायक
यादीत पेडणे घालणार असाल तर तारखा मी देतो. साइटबद्दलचं मत तेच आहे.

फोंड्याचा ठेका
द्या, द्या! देव बरें करूं. ठरलं तर मग, फोंडा तालुका, श्रावणात फोनवर, जत्रांना साइट. फेसबुकचे पैसे पेट्रोलला. दलाली पहिल्या हंगामात कोणाकडूनच नाही. फॉर्ममध्ये सध्या नाव, गाव, वाद्य, मोकळे दिवस आणि आता 'रात्री परत सोडावं लागेल का' एवढं आहे. आणखी काही?

पेटीवाली
पट्टी! म्हणजे गाण्याचा मूळ सूर, मंडळ कुठल्या पट्टीत गातं ते विचारलंच नाहीत. आम्ही काळी चारला गातो, म्हणजे पेटीची चौथी काळी पट्टी आमचा सा. त्याच्याशी न जुळणाऱ्या सुराचा तबला घेऊन माणूस दारात उभा राहिला तर तो आणि आम्ही, दोघांचीही पंचाईत. मंडळाला पट्टी विचारा, तबलजीला त्याच्याकडे कुठल्या सुरांचे तबले आहेत ते विचारा. पट्टी माहीत नसलेली मंडळंही भेटतील, त्यांच्यासाठी 'एक अभंग गाऊन पाठवा' असं बटण ठेवा.