मदत हवी आहे: लेखातली बाई ओळखू येते, अंक छपाईला अडलाय

गिरणाकाठ
आमच्या कॉलेजची समाजकार्याची सहामाही शोधपत्रिका आहे, संपादन माझ्याकडे. या अंकाचा विषय समाजकार्य आणि लोकन्याय. नंदुरबारकडच्या धडगाव भागातल्या आदिवासी पंचांच्या निवाड्यांवर एक फार चांगला लेख आलाय. गावाचं, माणसाचं नाव कुठेही नाही. तरी एका समीक्षकाचा शेरा आहे की ओळख उघडी पडते, असा छापू नये. दुसरे म्हणतात आहे तसा घ्या. लेखिका एक ओळ काढायला तयार नाही. प्रेसवाले रोज फोन करताहेत. काय करू? लवकर सांगा.

केळीबाग_रावेर
पत्रिका यूजीसी-केअर यादीत, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या मान्य पत्रिकांच्या यादीत आहे का? नसेल तर आधी त्यामागे लागा. लेखाचे बढतीसाठी पॉइंट मिळत नसतील तर चांगले लेखक पुढच्या अंकाला लिहिणारच नाहीत.

जुनी_वही
केळीबाग, ती यादी यूजीसीने फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद केली. पत्रिकेचा दर्जा आता ज्याच्या त्याच्या कॉलेजने, विद्यापीठाने तपासायचाय. समीक्षकाचा असा शेरा फायलीत असताना लेख तसाच छापला, तर जाब संपादकालाच द्यावा लागेल. ताई, निवाडा कशाचा ते लिहिलंच नाहीत. शेताच्या बांधाचा, देजचा (लग्नात मुलीकडच्यांना द्यायच्या रकमेचा), की आणखी कशाचा?

वकील_धुळे
हेच विचारणार होतो. लैंगिक गुन्हा असेल तर भारतीय न्याय संहितेचं कलम ७२ बघा. नुसतं नाव नाही, ओळख पटेल असा कोणताही मजकूर छापला तरी दोन वर्षांपर्यंत कैद आहे. मूल असेल तर बाल न्याय कायद्याचं कलम ७४.

गिरणाकाठ
लैंगिक गुन्हा नाही, बाई सज्ञान आहे. तिला डाकीण ठरवून पाड्याबाहेर काढलं होतं. पुढे पंच पुन्हा बसले, आरोप करणाऱ्याला दंड केला आणि तिला मानाने घरी आणलं. लेखिका त्या बैठकीला हजर होती. कोण कुठे बसलं, कोण आधी बोललं, दंडाचे पैसे कोणाच्या हातात गेले, सगळं आलंय. असं लेखन आपल्याकडे होत नाही हो. म्हणून तर जीव तुटतोय.

प्रूफवाला_भुसावळ
मजकूर कृतिदेव या जुन्या फॉन्टमध्ये आलाय का? युनिकोड करताना रफार आणि जोडाक्षरं हमखास फुटतात. कन्व्हर्टरवर विसंबू नका, तळटीपा डोळ्यांनी वाचा.

सातपुडा_पायी
मी अक्कलकुवा भागात संस्थेत काम करतो. लेखिकेच्या बाजूने बोलतो. बाहेरचे लोक पंचांबद्दल एकच लिहितात, जाच आणि दंड. बाईला परत घरात घेणारे पंचही असतात, हे कोणीतरी तपशिलाने लिहिलंय. तपशील काढले की उरतं काय? 'समुदायाने समेट घडवला' हे वाक्य घरी बसूनही लिहिता येतं.

वकील_धुळे
दादा, समेट झाला म्हणून गुन्हा पुसला जात नाही. जादूटोणाविरोधी कायदा २०१३ पासून आहे, त्यातला गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र, शिक्षा सहा महिने ते सात वर्षं. वाळीत टाकण्याविरुद्धचा २०१६ चा कायदा वेगळाच. उद्या हा अंक घेऊन कोणी पोलीस ठाण्यात गेलं तर पाड्यात पुन्हा तेच भांडण उभं राहील. आणि राग निघेल तो तिच्यावरच.

सातपुडा_पायी
म्हणून गप्प बसायचं का? मग पंचांवर लिहायचंच नाही असं म्हणा.

जुनी_वही
दोघांनी जरा थांबा. ताई, संमतीचं काय? मुलाखत द्यायची संमती वेगळी आणि छापायची वेगळी. पत्रिका ऑनलाइनही टाकता का? आणि नावं काढल्यावर बाईबद्दल नेमकं उरलंय काय?

गिरणाकाठ
पीडीएफ कॉलेजच्या वेबसाइटवर जाते. संमतीपत्रावर अंगठा आहे, पण ते मुलाखतीचं आहे. गावाला 'क्ष' म्हटलंय. बैठक होळीच्या तिसऱ्या दिवशी, आश्रमशाळेच्या पटांगणात. दंडाचा आकडा आहे. बाई विधवा, पाड्याची आशा कार्यकर्ती.

केळीबाग_रावेर
होळीला तिकडे पंच बसतात? मी तर काठी गावच्या होळीला रात्रभर होतो, सगळा मुलूख नाचत असतो. होळीआधीचा भोंगऱ्या बाजारही बघण्यासारखा. कोणी जाणार असेल तर सांगा.

जुनी_वही
ताई, मग समीक्षकाचं खरं आहे. पाड्याला आशा एकच असते. आश्रमशाळा, होळी आणि आकडा जोडला की धडगावच्या बाजारात कोणीही तिचं नाव सांगेल. ते चार तपशील काढा. कोण आधी बोललं, दंड कसा ठरला, बाईला बोलू दिलं का, हे सगळं ठेवा. लेख त्याच्यावरच उभा आहे, पटांगणावर नाही.

सातपुडा_पायी
हे पटलं. पण बाईला न विचारता काही करू नका. लेख तिच्या बोलीत वाचून दाखवायला सांगा, आणि पंच किंवा दीर शेजारी नसताना. त्यांच्यासमोर ती हो म्हणाली तर त्याला संमती म्हणता येत नाही.

प्रूफवाला_भुसावळ
आयएसएसएन, म्हणजे पत्रिकेचा ओळख क्रमांक, घेतलाय ना? दिल्लीच्या केंद्रातून फुकट मिळतो, एजंटला पैसे देऊ नका.

गिरणाकाठ
आयएसएसएन आहे हो. लेखिकेशी बोलले. चार तपशिलांपैकी तीन काढायला तयार आहे, होळीवर अडली आहे. सणामुळेच लोक गावी होते आणि बैठक जमली, हा तिचा मुद्दा आहे.

वकील_धुळे
'सणाच्या दिवसांत' लिहा, मुद्दा राहतो. आकड्याऐवजी 'साधारण महिन्याच्या मजुरीएवढा' लिहा, म्हणजे दंडाचं वजनही कळतं. बदल केल्याची टीप पहिल्याच पानावर टाका.

सातपुडा_पायी
आणि बाई नाही म्हणाली तर?

गिरणाकाठ
तर हा निवाडा लेखातून जाईल. बाकीचे निवाडे राहतील. लेखिकेला तसं सांगितलंय. ती रविवारी पाड्यावर जातेय, तोवर या लेखाची पानं थांबवून बाकीचा अंक प्रेसला दिलाय.

जुनी_वही
शेवटचं एक. लेखाखालचा ऋणनिर्देश आणि लेखिकेचा परिचय वाचलात का? मजकूर सगळे तपासतात, तिथे गावाचं नाव सापडतं.

गिरणाकाठ
आत्ता उघडून पाहिलं. आश्रमशाळेच्या मुख्याध्यापकांचे नाव-गावासकट आभार आहेत. तिला फोन लावते.