मदत हवी आहे: जर्मनीतल्या एएफडी या अतिउजव्या पक्षाचा वकील-खासदार आणि समितीचं अध्यक्षपद, निकाल २०२०चा की २०२४चा?

गोंधळलेली_मैना: परवा सेमिनार आहे, पटकन सांगा. तो एएफडीचा वकील खासदार, ज्याला अध्यक्षपदावरून काढलं, तो कोर्टात कधी हरला? एकीकडे २०२० लिहिलंय, दुसरीकडे २०२४. सरांना एकच साल हवंय. लिंका नकोत.

पेठकर_काका: नाव? त्या पक्षात कायद्याचे पदवीधर पैशाला पासरी आहेत. गाउलांड म्हणताय का? १९४१चा जन्म, आधी सीडीयू या दुसऱ्या पक्षात. हेसे राज्यात वॉलमान मुख्यमंत्री असताना त्यांच्या कार्यालयाचा प्रमुख, मग पोट्सडामला वृत्तपत्राचा संपादक, २०१३ मध्ये एएफडीच्या संस्थापकांत. विषय घ्यायचा तर हाच घ्या, भरपूर मसाला आहे.

गोंधळलेली_मैना: गाउलांड नाही हो काका. कायदा समितीवाला. विषय बदलायला वेळ नाही.

बर्लिनकर: मग श्टेफान ब्रान्डनर. हे आधीच लिहिलं असतं तर काकांचा एक प्रतिसाद वाचला असता. जन्म १९६६, हेर्टेनचा; वकिली पूर्वेकडे गेरा शहरात. २०१४ला थुरिंगिया राज्याच्या विधानसभेत, २०१७ला बुंडेस्टागमध्ये, म्हणजे जर्मन संसदेत, पुढच्या वर्षी कायदा समितीचा अध्यक्ष. ऑक्टोबर २०१९मध्ये हाले शहरातल्या सिनगॉगवर (ज्यूंच्या प्रार्थनास्थळावर) हल्ला झाला, त्यानंतर त्याने रीट्वीट केलेल्या एका ट्वीटवरून रान उठलं. त्याने संसदेत माफी मागितली. मग उडो लिंडेनबर्ग या गायकाला सरकारी सन्मान मिळाला, त्यावर याने 'जूडासची बिदागी' (येशूला दगा देणाऱ्या जूडासला मिळालेले पैसे, म्हणजे गद्दारीची किंमत) असं ट्वीट केलं. १३ नोव्हेंबर २०१९ला समितीने ३७ विरुद्ध ६ मतांनी त्याला खाली उतरवलं. बुंडेस्टागच्या इतिहासात असं पहिल्यांदाच घडलं.

आता तुमची सालं. मे २०२०मध्ये घटनात्मक न्यायालयाने फक्त तातडीचा अंतरिम दिलासा नाकारला. मूळ दाव्याचा निकाल १८ सप्टेंबर २०२४चा, तोही एएफडीच्या विरोधात. एकच साल हवं तर २०२४.

जर्मन_शिका: पुढे जर्मनीत मास्टर्सचा विचार असेल तर जर्मन भाषेची बी१ परीक्षा आत्ताच उरकून घ्या. पुण्यात माक्स म्यूलर भवनच्या बॅचेस लवकर भरतात.

गोंधळलेली_मैना: ??? मला सेमिनार द्यायचाय, व्हिसा नकोय.

ठाणेकर_नाना: ते सगळं ठीक. पण बहुमताने विरोधकाचा अध्यक्ष हटवायचा हे पटत नाही. तिथे समित्यांची अध्यक्षपदं संख्याबळावर वाटण्याची प्रथा आहे ना? आपल्याकडे लोकलेखा समिती १९६७पासून विरोधकांकडे असते. उद्या तीही अशीच काढून घ्याल?

बर्लिनकर: नाना, वाट्याला आलेलं अध्यक्षपद म्हणजे सातबाऱ्यावरचं नाव नव्हे. तेव्हाच्या नियमात होतं ते एवढंच की गटांमध्ये झालेल्या सहमतीनुसार समिती आपला अध्यक्ष ठरवते. काढण्याबद्दल अवाक्षर नव्हतं. न्यायालयाचं म्हणणं, आपलं कामकाज कसं चालवायचं हे संसदेने ठरवावं. न्यायालय बघणार ते नियम मनमानीने वापरला का, एवढंच.

ठाणेकर_नाना: म्हणजे ज्याच्याकडे डोकी जास्त त्याचंच खरं. आज ब्रान्डनर, उद्या दुसरा कोणी.

पेठकर_काका: नाना, माणूस काय बोलला तेही बघा की. कायदा समितीच्या खुर्चीवर बसून असली भाषा? अवांतर: आपल्याकडे लोकसभेच्या समित्यांचे अध्यक्ष सभापतीच नेमतात, तिथे मतदानाचा प्रश्नच नाही.

ठाणेकर_नाना: भाषेसाठी निवडणूक असते. मतदार बघून घेतील.

गोंधळलेली_मैना: भांडण नंतर. खासदारकीपण गेली का त्याची? हो की नाही?

बर्लिनकर: नाही. फक्त समितीचं अध्यक्षपद. त्यानंतर काही आठवड्यांतच पक्षाने त्याला राष्ट्रीय उपाध्यक्ष केलं. आणि नाना, मतदारांचंच म्हणाल तर २०२५ला एएफडी १५२ जागांनिशी दुसऱ्या क्रमांकावर आली, तरी एकाही समितीचं अध्यक्षपद मिळालं नाही.

ठाणेकर_नाना: हेच तर मी म्हणतोय!

पेठकर_काका: मैनाताई, गाउलांडचा विचार करा अजून. दोन दिवस आहेत.